सागवनात चितळ बघायला कुठली दुर्बीण? निकॉन मोनार्क एम५ (८×४२) ची नागपुरी पारख

नागपूरच्या आसपास हरणांच्या मागावर पायी फिरणाऱ्याने एकच वस्तू चांगली घ्यायची ठरवली, तर ती दुर्बीण असावी आणि माप ८×४२ असावं, म्हणजे आठपट मोठं चित्र आणि ४२ मिलीमीटर व्यासाचं पुढचं भिंग. बूट, टोपी, पाण्याची बाटली या गोष्टी साध्या असल्या तरी भागतं. दुर्बीण साधी घेतली की सगळी पायपीट वाया जाते. निकॉनची मोनार्क एम५ ही या मापातली दुर्बीण इथल्या कामाला बऱ्याच अंशी पुरी पडते. पहाटेचा अंधुक उजेड, पावसाळी दमट हवा आणि चष्म्याचे डोळे या तिन्ही बाबतींत ती उत्तम आहे. दाट झाडोऱ्यात मात्र तिचं दृश्यक्षेत्र, म्हणजे एका वेळी दिसणारी रुंदी, कमी पडतं, आणि आपल्याकडचं जंगल पाहता ही उणीव छोटी नाही.

आधी ‘मागावर जाणं’ म्हणजे काय ते स्पष्ट करायला हवं. स्कॉटलंडमध्ये रेड डिअरच्या मागावर माणसं रायफल घेऊन डोंगर तुडवतात. तिथे त्याला बंदुकीचा परवाना, जमीनमालकाची संमती आणि कायद्याचे नियम लागतात. इंग्लंडात १९९१ च्या कायद्याने सूर्यास्तानंतर एक तास ते सूर्योदयाआधी एक तास एवढ्या वेळात हरणावर गोळी झाडायला बंदी आहे. पण त्या माणसांच्या दिवसाचा बहुतेक वेळ दुर्बिणीला डोळा लावण्यात, वारा जोखण्यात आणि निश्चल बसण्यात जातो. ती सगळी विद्या आपल्याला जशीच्या तशी उपयोगी आहे. फक्त आपल्याकडे माग बघण्यापाशी संपतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ प्रमाणे शिकार बंद आहे, त्यामुळे हरणाजवळ जाण्याचं एकच माप उरतं: आपण तिथे असताना त्याचं रवंथ थांबता कामा नये. दुर्बीण चांगली की वाईट हेही याच मापाने ठरवायचं. ती तुम्हाला किती अलीकडे थांबू देते?

आठपट म्हणजे ऐंशी मीटरवरचं चितळ दहा मीटरवर असल्यासारखं दिसतं. मग दहापट का नको, हा प्रश्न दुकानात हमखास येतो. उत्तर हाताच्या कंपनात आहे. दहापटीत हाताचा थरकापही दहापट होतो. चढ चढून दम लागलेला असताना, किंवा सफारीच्या जिप्सीचं इंजिन चालू असताना, १०×४२ मधून कानाची हालचाल वेगळी काढता येत नाही. दुसरं कारण उजेडाचं. समोरच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागलं की आयपीसमधून (डोळ्याकडच्या भिंगातून) बाहेर येणाऱ्या प्रकाशाच्या चकतीचा व्यास मिळतो. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलीमीटर, ४२ भागिले १० म्हणजे ४.२, आणि खिशात मावणाऱ्या ८×२५ चे जेमतेम ३.१. पहाटेच्या अंधुकात माणसाची बाहुली पाच-सहा मिलीमीटरपर्यंत उघडते. चकती त्याहून लहान असली तर उघडलेली बाहुली उपाशी राहते. हरणं नेमकी सूर्य उगवण्याआधीच्या आणि मावळल्यानंतरच्या अर्ध्या तासात मोकळ्यावर चरतात, म्हणून हा मिलीमीटरचा हिशेब इथे खरोखर कामाला येतो. ८×५६ त्याहून उजळ असते, पण तिचं ओझं तीन तास गळ्यात वागवणं कठीण, आणि आपल्याकडे अंधार पडल्यावर पायी थांबण्याची मुभाच नसते.

एम५ चं वजन ६३० ग्रॅम. ईडी काच (रंग कमी फाकवणारी) असल्यामुळे आकाशाच्या पार्श्वभूमीवर शिंगाच्या कडेला जांभळी-हिरवी झालर फारशी दिसत नाही. प्रिझमवर डायइलेक्ट्रिक लेप आहे. तो प्रकाश वाया जाऊ देत नाही आणि रंग खरे ठेवतो. सावलीत बसलेल्या सांबराचा मातकट तपकिरी आणि ओल्या बुंध्याचा काळपट तपकिरी यांतला फरक ओळखायला रंग खरे असावे लागतात. मादी सांबर सावलीत बसली की पहिल्यांदा दिसतो तो तिचा मोठा, गोलसर कान, तोही हलला तरच. विणीच्या हंगामात सांबराच्या गळ्याखाली केस गेलेला, रक्ताळल्यासारखा लाल डाग असतो. पुष्कळ जण त्याला जखम समजून वनरक्षकाला सांगायला धावतात. चांगल्या काचेतून साठ-सत्तर मीटरवरून त्याची ओली चकाकी आणि कडेचे विरळ केस स्पष्ट दिसतात, आणि ती जखम नाही हे तिथेच कळतं.

चष्मा लावणाऱ्यांसाठी एम५ विशेष सोयीची आहे. आयपीसपासून डोळा १९.५ मिलीमीटर लांब असला तरी पूर्ण चित्र दिसतं. चष्मा असेल तर रबरी कप पूर्ण खाली ठेवायचे, नसेल तर फिरवून वर काढायचे. नवशिक्यांची मोठी तक्रार असते की ‘बघता बघता काळी सावली येते’. नव्वद टक्के वेळा कारण हेच निघतं: चष्मा नाही, कप खाली आहेत आणि डोळा भिंगाच्या फार जवळ गेला आहे. एकेक टप्पा वर काढत जावं. सावली गेली की तो आपला टप्पा.

आता उणीव. एम५ च्या ८×४२ चं दृश्यक्षेत्र ६.४ अंश आहे, म्हणजे हजार मीटरवर ११२ मीटर रुंदीचा पट्टा. आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण साग, ऐन आणि तेंदूच्या जंगलात नजर पन्नास मीटरच्या पलीकडे क्वचित जाते. पन्नास मीटरवर तो पट्टा ५.६ मीटर उरतो. नाक-शेपूट अशी जेमतेम तीन चितळं त्यात मावतात. कळपात पंधरा-वीस जनावरं असतात, आणि धोका ओळखणारी म्हातारी मादी नेमकी चौकटीबाहेर उभी असते. तुम्ही नराच्या शिंगात गुंतलेले असता आणि ती तुमच्याकडे एकटक बघत असते. त्याच कंपनीची मोनार्क एम७ इथे सरस आहे. तिचं क्षेत्र ८.३ अंश, हजार मीटरवर १४५ मीटर, म्हणजे पन्नास मीटरवर सव्वासात. वजन ६७० ग्रॅम आणि किंमत जास्त. तिच्यात डोळ्याचं अंतर १७.१ मिलीमीटर आहे, त्यामुळे जाड चष्म्यावाल्यांनी आधी लावून बघावी.

बजेट बसत असेल आणि फिरणं मुख्यतः सागवनातलं असेल, तर एम७ घ्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे. तोतलाडोहच्या काठासारख्या मोकळ्या जागी, जिथे दोनशे-तीनशे मीटरवरून कळप बघायचा असतो, तिथे एम५ ची ही उणीव जाणवत नाही. कमी पैशात काम भागवायचं तर ऑलिंपसची जुनी ८×४० डीपीएस १ अजून चांगली आहे. ८.२ अंशांचं रुंद क्षेत्र आणि जुन्या धाटणीच्या प्रिझममुळे चित्राला येणारी खोली तिला आहे. पण वजन ७१० ग्रॅम, चार मीटरच्या अलीकडे फोकस होत नाही, आणि ती पाण्यापासून सुरक्षित नाही. जून ते सप्टेंबर ती घरीच ठेवावी लागते.

दुर्बीण घेतल्यावर पहिलं काम दोन डोळ्यांचा मेळ बसवण्याचं आहे. ते न केल्यामुळे चांगल्या दुर्बिणीही ‘धूसर दिसते’ म्हणून बदनाम होतात. दोन्ही नळ्या बिजागरीवर जवळ-लांब करून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ करायचं. मग उजव्या बाजूचं पुढचं भिंग हाताने झाकायचं, दोन्ही डोळे उघडे ठेवायचे आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याने तीस-चाळीस मीटरवरची पाटी स्पष्ट करायची. आता डावं भिंग झाकायचं, मधल्या चाकाला हात लावायचा नाही, आणि उजव्या आयपीसजवळचं कडं फिरवून तीच पाटी स्पष्ट करायची. हे कडं एकदा बसलं की कायमचं. पण एम५ मध्ये ते जागच्या जागी पक्कं करायची सोय नाही आणि बॅगेत आत-बाहेर होताना सरकतं. कड्यावर आणि नळीवर समोरासमोर पांढऱ्या नेलपॉलिशचा बारीक ठिपका द्यावा. पहाटे नुसत्या नजरेने तपासता येतं. एम७ मध्ये हे कडं लॉक होतं.

सोबत येणारा गळ्यातला पट्टा तासाभरात मान दुखवतो आणि वाकलं की दुर्बीण झुलून दगडावर आपटते. खांद्यावरून पाठीवर फुली मारणारा पट्टा घ्यावा. दुर्बीण छातीशी राहते आणि उचलताना हात फक्त वीतभर वर जातो. हा वीतभराचा हिशेब महत्त्वाचा आहे, कारण हरणाला रंग फार कळत नाहीत, हालचाल कळते. त्याच्या डोळ्याला तांबडं-नारिंगी आपल्यासारखं वेगळं दिसत नाही, निळ्या टोकाचा प्रकाश मात्र चांगला दिसतो. म्हणून मातकट सुती कपडे, चमक आणणारी पावडर न वापरता धुतलेले. निळी जीन्स नको, आणि चालताना सळसळणारं नायलॉनचं जॅकेट तर नकोच. लष्करी छापाचे कपडे टाळावेत. हरणाला त्याने फरक पडत नाही, चौकीवर मात्र विनाकारण प्रश्न येतात. हात आणि चेहरा हे माणसाचे सगळ्यात उठून दिसणारे अवयव. नागपूरकर उन्हात तोंडाला दुपट्टा बांधतातच, तो इथेही फिक्या रंगाचा नसावा एवढंच.

दुर्बीण उचलण्याची रीत शिकून घ्यावी लागते. हरीण दिसलं की नजर त्याच्यावरून हलवायची नाही आणि दुर्बीण नजरेच्या रेषेत वर आणायची. खाली बघून दुर्बीण शोधली की हरीण हरवतं, मग माणूस ती इकडे-तिकडे फिरवत बसतो आणि ती फिरवाफिरवच कळप उठवते. कोपर बरगड्यांना टेकवायचे, जमलं तर खांदा बुंध्याला, मुंग्यांची रांग बघून. सूर्य समोर असला तर भिंगाची चकाकी शंभर मीटरवरूनही जाणवते, तेव्हा टोपीची कड पुढे ओढावी किंवा जागा बदलावी. झुडपाकडे बघायचं नाही, फोकस थोडा पुढे ढकलत झुडपाच्या आरपार बघायचं. सागवनात सगळ्या रेषा उभ्या असतात. त्यात आडवी रेषा दिसली की ती पाठ किंवा पडलेलं झाड, दोन्हींपैकी एक.

वाऱ्याचं गणित चुकलं तर कुठलीच काच वाचवत नाही. छोट्या बाटलीत वस्त्रगाळ राख किंवा साधी टाल्क पावडर घ्यायची आणि दर पन्नास पावलांना चिमूटभर उडवून बघायची. अगरबत्ती किंवा सिगारेट नको: वास पसरतो, आणि उन्हाळ्यात वणव्याचा धोका वेगळाच. पहाटे थंड हवा उतारावरून नाल्याकडे वाहते, ऊन तापलं की तीच उलटी वर चढते. हिवाळ्यात हा पालट साधारण आठ-नऊच्या सुमारास होतो आणि त्या वेळी वारा दहा मिनिटं गोल-गोल फिरतो. एवढा वेळ बसून राहावं. पालट होण्याआधी टेकडीच्या वरच्या अंगाने केलेली चाल फसते आणि नंतर तीच चालते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाची पानगळ होते. थाळीएवढं वाळलेलं पान पायाखाली आलं की पापड मोडल्यासारखा आवाज होतो आणि तो साठ मीटरवर जातो. त्या दिवसांत चालत जवळ जाण्याचा हट्ट सोडावा. गाडीवाटेच्या धुळीतून हळू चालावं किंवा एका जागी बसावं. दव पडलेल्या हिवाळी पहाटे आणि पहिल्या पावसानंतरचे दिवस पायी जाण्यासाठी सगळ्यात चांगले. चाल तीन-चार पावलांची, मग पूर्ण थांबून दुर्बिणीने डावीकडून उजवीकडे एक फेरी. चालण्यापेक्षा थांबण्यात जास्त वेळ गेला तर चाल बरोबर आहे.

चितळ आपल्याला ओळखायला कसं लागतं ते दुर्बिणीत पायरीपायरीने दिसतं. आधी जबडा थांबतो. मग दोन्ही कान पुढे वळतात, मान वर-खाली होते, पुढचा एक पाय गुडघ्यात दुमडून अधांतरी राहतो. तो पाय जमिनीवर आपटला की तिथेच थिजायचं. दुसऱ्यांदा आपटला की नजर खाली करून आल्या वाटेने मागे फिरायचं. त्यानंतर शेपूट उभी राहून पांढरं दिसतं, हाक उठते आणि तुमच्या अर्ध्या तासाच्या चालीसोबत कळपाचं चरणंही संपतं.

ही हाक तुमच्याकडे तोंड करून नसेल तर वेगळी गोष्ट आहे. कळप दुसऱ्याच दिशेला बघत ओरडतो आहे, वरून वानराची खाकर येते आहे, आणि त्यात सांबराचा एक ठणठणीत ‘पोंक’ मिसळला, तर तिकडे बिबट किंवा वाघ आहे असंच धरावं. पायी असलेल्याने मार्गदर्शकाच्या सांगण्याप्रमाणे एकत्र राहून, न पळता बाहेर पडावं. मोहाचा हंगाम, म्हणजे मार्च-एप्रिल, तसाच धोक्याचा. पडलेल्या फुलांवर चितळ येतात तसं अस्वलही येतं आणि त्याला माणसाची चाहूल फार उशिरा लागते. मोहाखाली पहाटे पायी जाऊ नये.

आता कायद्याचं. याबाबतीत लोक अनवधानाने गुन्ह्यात अडकतात, म्हणून थोडं सविस्तर. व्याघ्र प्रकल्प आणि अभयारण्यांत मनाला येईल तिथे पायी फिरता येत नाही. कलम २७ प्रमाणे प्रवेशच मर्यादित आहे, आणि पर्यटन, छायाचित्रण, अभ्यास यांसाठी कलम २८ खाली परवानगी लागते. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला इथे गाडीतून ठरलेल्या रस्त्यानेच बघायचं. पायी जायचं तर वनविभागाने आखलेली पायवाट, ठरलेली वेळ आणि सोबत मार्गदर्शक. शहरालगत गोरेवाड्याचं जंगल आणि अंबाझरीचं जैवविविधता उद्यान ही दुर्बिणीचा हात बसवायला चांगली ठिकाणं आहेत, पण तिथेही ठरलेली वाट सोडायची नाही आणि त्या दिवशीचे नियम प्रवेशद्वारावर विचारून घ्यायचे.

गावाबाहेर जी झुडपी जंगलं दिसतात त्यांना ‘मोकळी सरकारी जागा’ समजू नये. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांतली झुडपी जंगलं ही वनजमीन आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ ला स्पष्ट केलं आहे. आणि प्राण्याचं संरक्षण जमीन कुणाची यावर अवलंबूनच नाही. तुमच्या स्वतःच्या संत्र्याच्या बागेत आलेल्या चितळालाही तोच कायदा लागू होतो. रोह्यांनी (नीलगायींनी) पीक खाल्लं तरी स्वतःच्या निर्णयाने काही करता येत नाही, कलम ११ खाली अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते.

‘शिकार’ या शब्दाची कायद्यातली व्याख्या लोकांना वाटते त्याहून खूप रुंद आहे. मारणं, पकडणं, फास लावणं तर आहेच; पण प्राण्याला हाकणं, आमिष दाखवणं आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणं हेही कलम २ च्या त्याच व्याख्येत येतं. चांगला फोटो मिळावा म्हणून मीठ टाकणं, दुसऱ्याला पलीकडून कळप हाकायला सांगणं, दुचाकीने काळविटाच्या मागे लागणं, हे सगळं त्यात मोडू शकतं. अभयारण्यात प्राण्याला डिवचणं कलम २७ ने वेगळं मना आहे आणि शस्त्र नेणं कलम ३१ ने. परवाना न लागणारी छऱ्याची बंदूक असली म्हणून प्राण्यावर रोखायची मुभा मिळत नाही, गलोलही नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर (ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे) सहा अनुसूचींच्या चार झाल्या. काळवीट आणि चौसिंगा पहिल्या अनुसूचीत आहेत. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या गुन्ह्याला किंवा अभयारण्यातल्या शिकारीला कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि निदान २५ हजार रुपये दंड आहे.

गळून पडलेलं शिंग हा सगळ्यात मोठा मोह. चितळ, सांबर, भेकर ही खरी हरणं, त्यांची शिंगं गळतात आणि नवी येतात. काळवीट, चौसिंगा, रोही यांची शिंगं आयुष्यभर तीच राहतात. जंगलात पडलेलं सांबराचं शिंग ‘आपोआप गळलंय, कुणी मारलं नाही’ म्हणून दिवाणखान्यात लावायला आणलं जातं. कायद्याने ते उचलायचं नाही. वन्यप्राण्याचे असे अवशेष कलम ३९ प्रमाणे सरकारी मालमत्ता आहेत, आणि हातात आलेच तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याकडे कळवावं लागतं. जंगलालाही ते हवं असतं, साळिंदर आणि हरणं स्वतः ती कुरतडून त्यातलं कॅल्शियम घेतात. दुर्बिणीने बघावं, टोकं मोजावीत, तिथेच ठेवावं.

खरेदीचं थोडं. नागपुरात बर्डीवरच्या (सीताबर्डी) कॅमेऱ्याच्या दुकानांत जाऊन, हातात घेऊन, बाहेर रस्त्यावर बघूनच दुर्बीण घ्यावी. दुकानात ट्यूबलाइटखाली सगळ्याच दुर्बिणी चांगल्या दिसतात. शक्यतो दिवे लागायच्या वेळेला जावं आणि समोरच्या इमारतीच्या सावलीतली बारीक अक्षरं वाचून बघावीत. वीजतारेकडे बघत दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू दूर न्यावी. दोन्ही नळ्यांतली तार एका रेषेत राहिली पाहिजे. वर-खाली झाली तर नळ्यांचा मेळ बिघडला आहे. अशी दुर्बीण सुरुवातीला चालते, कारण डोळे ओढून घेतात, आणि पंधरा मिनिटांनी डोकं दुखायला लागतं. मग हात लांब करून आयपीसमधली उजेडाची चकती बघावी. ती पूर्ण गोल असावी. कडा कापल्यासारख्या चौकोनी दिसल्या तर प्रिझम हलक्या काचेचं आहे. चाक दोन्ही दिशांनी फिरवावं, कुठे गचका किंवा मोकळी फिरकी लागता कामा नये. पेटीवरचा आणि दुर्बिणीवरचा क्रमांक जुळवून, भारतातल्या वॉरंटीचं कार्ड आणि पक्कं बिल घ्यावं. ‘शंभरपट झूम’ लिहिलेली दुर्बीण कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. हातात धरून शंभरपट बघताच येत नाही आणि झूमच्या मधल्या टप्प्यांत दोन्ही नळ्यांचा मेळ राहत नाही.

उन्हाळ्यात एक गोष्ट आधीच माहीत असावी. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि दीडशे मीटरपुढचं चित्र पाण्यातल्यासारखं हलतं. हा दुर्बिणीचा दोष नाही, कुठलीही महाग काच ते घालवू शकत नाही. नवतपाच्या दिवसांत गाडीच्या डॅशबोर्डवर दुर्बीण ठेवू नये. रबर आणि आतलं ग्रीस मऊ पडतं, आणि भिंगावर थेट ऊन आलं तर एकवटलेला किरण आतला भाग जाळू शकतो. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीच बघायचं नाही, हे लहान मुलांच्या हातात देताना दर वेळी सांगावं.

एम५ मध्ये नायट्रोजन भरलेला आहे आणि एक मीटर पाण्यात दहा मिनिटं ती तग धरते, म्हणजे पावसाची चिंता नाही. पण नायट्रोजनमुळे आतून वाफ धरत नाही, बाहेरून धरतेच. एसीच्या गाडीतून जुलैच्या दमट हवेत काढली की भिंग पांढरं होतं. अशा वेळी पुसत बसू नये, बॅगेतच वीस मिनिटं बाहेरच्या हवेला लावून मग काढावी. सफारीच्या रस्त्याची धूळ शर्टाने किंवा दुपट्ट्याने पुसणं हा भिंग खराब करण्याचा खात्रीचा मार्ग. त्या धुळीत वाळूचे कण असतात आणि ते लेपावर ओरखडे काढतात. आधी रबरी फुग्याने हवा मारायची, मग मऊ ब्रश, आणि डाग उरलाच तर भिंगाच्या द्रवाचे दोन थेंब कापडावर घेऊन (भिंगावर नाही) मधून बाहेर गोल फिरवत पुसायचं.

पावसाळ्यात कातडी किंवा कापडी पिशवीत बंद करून कपाटात ठेवली की दोन महिन्यांत भिंगाच्या कडेला बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसू लागतात. ते एकदा लेपात शिरले की स्वच्छ करूनही डाग राहतो. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्यावा आणि त्यात पन्नास-शंभर ग्रॅम सिलिका जेल ठेवावं. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलावा पिऊन भरलेत. ते मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत तापवता येतात, पण त्यांतला रंग विषारी असतो, त्यासाठी स्वयंपाकाचा तवा वापरू नये.